सरासरी सहा, पण सहा कोणीच दिले नाहीत

फेब्रुवारी संपेपर्यंतच नागपूरची गच्ची माणसांच्या कामाची. मार्च लागला की रात्री नऊलाही फरशी तापलेली असते. त्यामुळे प्रतापनगरातल्या आमच्या घरी गच्चीवरच्या सिनेमाचा मोसम जेमतेम दोन महिन्यांचा. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला पांढरी चादर, भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर, आलुबोंडे आणि पातेलंभर तर्री. यंदा शेवटच्या शनिवारी सिनेमा निवडायची पाळी माझी होती. मी १९६९चा ‘हॅलो, डॉली!’ लावला. हॉलिवूडचा, जुन्या वळणाचा, जवळपास अडीच तासांचा संगीतपट.

अर्धा तास झाला असेल नसेल, भाचा म्हणाला, “आत्या, हे लोक मधातच काहून गाऊन राह्यले?” 

“पाह्य न बे चूपचाप,” ब्रह्मपुरीचे मामा त्याच्यावर खेकसले. मामांना इंग्रजी येत नाही. खालच्या पाट्याही त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हत्या, आणि चष्मा खाली राहिला होता.

सिनेमा संपल्यावर असा काही वाद पेटला की शेजारच्या काकूंनी गॅलरीत येऊन विचारलं, “सगळं बरं आहे न?” शेवटी मी जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून प्रत्येकाला दहापैकी गुण विचारले. मामांचे नऊ, वहिनीचे नऊ, तिच्या लेकीचे आठ, माझे पाच, मावशीचे तीन, भाच्याचे दोन. बेरीज छत्तीस, माणसं सहा, सरासरी सहा. म्हणजे सिनेमा ‘बरा, एकदा पाहण्यासारखा’. गंमत अशी की ‘बरा, एकदा पाहण्यासारखा’ हे त्या गच्चीवर एकाचंही मत नव्हतं.

सरासरीचा हा खोडसाळपणा नागपूरकराला वेगळा शिकवायला नको. मे महिन्यात पंचेचाळीस अंश आणि जानेवारीच्या पहाटे आठ-नऊ. दोन्हींची सरासरी सत्तावीस. बाहेरगावच्या माणसाला नुसता हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, काय सुंदर हवा आहे तुमच्याकडे! आकडा खोटा नाही, पण त्या आकड्यात कोणी राहत नाही.

सिनेमाचे गुण मोजायची दुसरीही एक पद्धत आहे. त्यात किती गुण दिले ते पाहत नाहीत, किती टक्के लोकांना सिनेमा पसंत पडला एवढंच मोजतात. समजा सहा आणि वर म्हणजे पसंत. आमच्या गच्चीवर तिघांना पसंत, तिघांना नापसंत, म्हणून पन्नास टक्के. आता समजा सहाही जणांनी जांभया देत सहा-सहा गुण दिले असते. सरासरी तीच, सहा. टक्के मात्र शंभर! कोणाच्याही जिवाला न भिडलेला सिनेमा अशा मोजणीत अव्वल येतो, आणि तिघांना वेड लावणारा, तिघांना पिडणारा सिनेमा काठावर लटकतो. जुन्या संगीतपटांबद्दल ‘मतं दुभंगली’ म्हणतात ती अशी. मधली गर्दी कमी, दोन्ही टोकांना जास्त. एखाद्या मारधाडीच्या सिनेमाचं सहसा असं होत नाही. मग संगीतपटाचंच का होतं?

आधी गोष्ट सांगून टाकते, कारण ती चार ओळींचीच आहे. १८९०चा काळ. न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्स गावात एक पैसेवाला, चिक्कू, खेकसणारा दुकानदार आहे. डॉली ही लग्नं जुळवणारी विधवा बाई. ती त्याच्यासाठी स्थळ शोधता शोधता स्वतःचंच जमवते. दुकानातले दोन नोकर शेठला न सांगता एक दिवस शहरात मजा करायला जातात, टोप्या विकणाऱ्या बाईच्या आणि तिच्या मदतनिसाच्या प्रेमात पडतात, आणि रात्री सगळे नेमके एकाच हॉटेलात धडकतात. बस. हीच गोष्ट १८३५मध्ये लंडनला एकांकिका म्हणून आली, १८४२मध्ये व्हिएन्नात प्रहसन झाली, मग अमेरिकेत थॉर्नटन वाइल्डरने तिचं नाटक केलं, आणि १९६४मध्ये जेरी हर्मनच्या गाण्यांसह ती ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांच्या रस्त्यावर आली. तिथे तिचे २,८४४ प्रयोग झाले. म्हणजे सिनेमा निघाला तेव्हा गोष्ट सव्वाशेहून अधिक वर्षं वापरून गुळगुळीत झालेली होती. कथा नवी नाही अशीही भाच्याची एक तक्रार होती. ती बरोबरच आहे, पण ती सिनेमाच्या वयापेक्षा मोठी तक्रार आहे.

आता त्याचा खरा प्रश्न. मधातच काहून गातात?

गाणारा माणूस आणि ऐकणारा माणूस यांच्यात एक न लिहिलेला करार असतो. तू बोलता बोलता गायला लागलास तर मी ‘हे खऱ्या आयुष्यात होत नाही’ म्हणणार नाही. बदल्यात तू मला बोलण्यातून मिळालं नसतं असं काहीतरी दे. हा करार ज्याला मान्य, त्याला संगीतपट दिसतो. ज्याला अमान्य, त्याला फक्त काही चांगलीचुंगली माणसं रस्त्यात वेड्यासारखी वागताना दिसतात. दोघं एकाच चादरीकडे पाहत असतात, पण एकच गोष्ट पाहत नसतात. म्हणून मधले गुण पडत नाहीत. हॉरर सिनेमाचंही असंच आहे. भुताला हसणाऱ्याला तो ‘थोडासा’ आवडत नाही, अजिबात आवडत नाही.

मामांनी हा करार कधीच सही करून ठेवला होता, आणि तो ब्रॉडवेशी नव्हता. ब्रह्मपुरी म्हणजे झाडीपट्टीचा मुलूख. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असतात, आणि गावोगाव नाटकं लागतात. वडसा हे त्या नाटक कंपन्यांचं ठाणं. रात्री दहाच्या पुढे पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं. बाजूला ऑर्गन आणि तबला. भांडण ऐन रंगात आलं की पात्र गाऊ लागतं, आणि लोकांना आवडलं तर भांडण तिथेच थांबवून गाणं पुन्हा म्हणायला लावतात. २०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. आयुष्यभर अशी नाटकं पाहिलेल्या माणसाला, सत्तावीस वेटर ताटं घेऊन एका तालात उड्या मारत आहेत यात काय खटकणार? (सत्तावीस मामांनी मोजले. मी नाही.)

पण मग मावशीने तीनच का दिले? हे मला पहिल्यांदा कळेना. तिचा जन्म नाट्यसंगीतावर गेला. वसंतराव देशपांडे गाणं नागपुरात शिकले, ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर नागपूरचे, या दोन गोष्टी ती अजून पाहुण्यांना स्वतःच्या घरचं वैभव असल्यासारख्या सांगते. तिला गाण्याचं वावडं असणं शक्यच नाही. तिची तक्रार भाच्याच्या अगदी उलट होती. “गाणी चढतच नाहीत न गं. तेच ते घोळवतात.”

आणि इथे एक महत्त्वाचा फरक आहे. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट थांबायची आणि राग सुरू व्हायचा. १८८०च्या ‘शाकुंतल’मध्ये पदं दोनशेच्या घरात होती. पुढच्या काळात ती कमी होत गेली आणि एकेक पद लांबत गेलं, कारण लोक गाण्यासाठीच येऊ लागले. नायिकेने पत्र वाचून दाखवायचं असेल तर ते पाव तासानंतर वाचलं तरी चालायचं. हॉलिवूडच्या या जातीच्या संगीतपटात गाणं गोष्टीचं ओझं वाहतं. गाण्याच्या सुरुवातीला नोकर घाबरलेला असतो, शेवटी तो गाडीत बसलेला असतो. चाल सोपी ठेवतात, कारण शब्द कळायला हवेत आणि घरी जाताना गुणगुणताही आलं पाहिजे. मावशी रागाच्या विस्ताराची वाट पाहत बसली होती, आणि समोर चालला होता फक्त संवाद, चालीतला.

हिंदी सिनेमा पाहून मोठे झालेल्यांची आणखी वेगळी पंचाईत होते. भाच्याला मी म्हटलं, अरे, तू तर लहानपणापासून गाण्याचेच सिनेमे पाहतो. तो म्हणाला, ते वेगळं. आणि खरंच वेगळं आहे. हिंदी गाण्यात आपण गोष्टीतून बाहेर पडतो. कपडे बदलतात, डोंगर बदलतात, आवाजही पार्श्वगायकाचा असतो. ते स्वप्न आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि गाणं संपलं की आपण जिथे होतो तिथेच परत येतो. इथे तसं दार नाही. माणूस त्याच दुकानात, त्याच कपड्यांत, समोरच्याशी बोलता बोलता गाऊ लागतो, आणि समोरचाही गाण्यातच उत्तर देतो. स्वप्न म्हणून सोडून देता येत नाही. त्यामुळे गाण्यांना सरावलेला भारतीय प्रेक्षक हॉलिवूडच्या संगीतपटालाही आपोआप सरावेल, हा माझा समज त्या रात्री मोडला.

कॅमेऱ्याचं वेगळंच. रंगमंचावर गाणारा नट आपल्यापासून तीस-चाळीस फुटांवर असतो. मोठे हातवारे, मोठा आवाज, भडक रंगभूषा, सगळं त्या अंतरासाठी मापून केलेलं. कॅमेरा ते अंतर खाऊन टाकतो. आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण बालगंधर्वांचं. स्त्रीभूमिकेत त्यांनी महाराष्ट्र वेडा केला. १९३७मध्ये पडद्यावर मीराबाई केली तेव्हा ते एकोणपन्नाशीचे होते, आणि लोकांनी तो बोलपट स्वीकारला नाही. गळा तोच होता. पण नाट्यगृहातल्या प्रेक्षकाने डोळ्यांआड केलेलं वय कॅमेऱ्याने समोर आणून ठेवलं.

‘हॅलो, डॉली!’मध्ये वयाचा घोळ उलटा झाला. ब्रॉडवेवर डॉली करणारी कॅरोल चॅनिंग चाळिशी ओलांडलेली होती. सिनेमात घेतली बार्ब्रा स्ट्रायसँडला, आणि चित्रीकरणाच्या वेळी ती सव्वीस वर्षांची. डॉलीची सगळी गंमत ही की नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली बाई ‘आता पुन्हा जगायला लागते’ असं ठरवते. सव्वीस वर्षांच्या मुलीने हे म्हटलं की प्रश्न पडतो, बाई, तुझं जगायचं थांबलं कधी होतं? तिच्यासमोर वॉल्टर मॅथाऊ, सत्तेचाळीसचा. सेटवर दोघांचं पटत नव्हतं हे जगजाहीर आहे, आणि पडद्यावरही प्रेम जमल्याचं फारसं जाणवत नाही. पण गायला लागली की स्ट्रायसँड हा सगळा हिशेब बाजूला ठेवायला लावते. ज्यांना ती आवडते त्यांचं म्हणणं एवढंच, की असा आवाज समोर असताना जन्मतारीख कशाला विचारता?

माझे पाच गुण मात्र दुसऱ्याच कारणासाठी कापले गेले. दिग्दर्शक जीन केली. ‘सिंगिंग इन द रेन’च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक, आणि स्वतः जबरदस्त नाचणारा. जुन्या नाच-सिनेमांचा नियम असा की नाचणाऱ्याचं डोक्यापासून पायापर्यंत सगळं शरीर चौकटीत दिसलं पाहिजे, आणि उगाच तुकडे करायचे नाहीत. नियम चांगला आहे. दोन माणसं नाचत असतील तर त्याच्यासारखं सुख नाही. इथे हजारोंची मिरवणूक आहे! स्टुडिओच्या आवारात १८९०चं न्यूयॉर्क उभं केलं, घोडे, बँड, झेंडे सगळं आणलं, आणि तेवढं सगळं मावावं म्हणून कॅमेरा मागे मागे गेला. इतका मागे, की गाणारी डॉली मुंगीएवढी झाली. चिक्कू शेठच्या लग्नाची ही गोष्ट एका दुकानात आणि एका हॉटेलात मावली असती. घरच्या साखरपुड्याला नागपूरच्या कस्तुरचंद पार्कचं अख्खं मैदान भाड्यानं घेतल्यासारखं झालं. नाही म्हणायला, दुसऱ्या अर्ध्या भागात लुई आर्मस्ट्राँग दोन-चार मिनिटं येऊन जातो. तेव्हा कॅमेरा जवळ असतो, दोन माणसं एकमेकांकडे पाहून हसत गात असतात, आणि अडीच तासांत पहिल्यांदाच मला वाटलं की या लोकांना मजा येत आहे. या गाण्याची आर्मस्ट्राँगची तबकडी मे १९६४मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती. तिने तिथून बीटल्सना हटवलं होतं.

एवढं मोठं करायची गरज काय होती? गरज नव्हती, भीती होती. १९६५मध्ये ‘साउंड ऑफ म्युझिक’ आला. खर्च साधारण ऐंशी लाख डॉलर, आणि कमाई अशी की ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स हा डबघाईला आलेला स्टुडिओ उभा राहिला. एका कोपऱ्यावरचा पोहेवाला चालला की महिन्याभरात त्या रस्त्यावर पाच गाड्या लागतात, तसं झालं. फक्त इथे पाचही गाड्या त्याच मालकाच्या आणि प्रत्येक आधीपेक्षा मोठी. १९६७मध्ये ‘डॉक्टर डूलिटल’, १९६८मध्ये ‘स्टार!’. दोन्ही बुडाले. ‘डॉली’चं काम तोवर सुरू झालं होतं आणि खर्च अडीच कोटी डॉलरच्या आसपास गेला, ‘साउंड ऑफ म्युझिक’च्या तिप्पट. शिवाय नाटक चालू असेपर्यंत सिनेमा लावायचा नाही अशी अट होती. नाटक तर बंद व्हायचं नाव घेईना! शेवटी स्टुडिओने नाटकवाल्यांना वेगळे पैसे मोजले आणि डिसेंबर १९६९मध्ये सिनेमा लावला.

लोक आले नाहीत असं नाही. बऱ्यापैकी आले. पण अडीच कोटी वसूल व्हायला ‘बऱ्यापैकी’ पुरत नाही. ‘पडलेला सिनेमा’ हा शब्द इथे फसवा आहे. तोच सिनेमा त्याच गर्दीत, एक कोटीत बनला असता तर त्याला कोणी पडलेला म्हटलं नसतं. स्टुडिओ चालवणाऱ्या रिचर्ड झॅनकला १९७० संपता संपता पद सोडावं लागलं. काढणारा अध्यक्ष त्याचा बाप होता.

आणि काळ! अमेरिकेत तेव्हा व्हिएतनामच्या युद्धावरून घरोघरी बाप-लेकांची भांडणं चालली होती. १९६८च्या शेवटी सिनेमावरची जुनी नैतिक बंधनं जाऊन प्रमाणपत्रांची पद्धत आली होती. १९६९मध्ये ‘इझी रायडर’ नावाचा, मोटारसायकलवर फिरणाऱ्या दोन तरुणांचा सिनेमा चार लाख डॉलरच्या आसपास खर्चात बनला आणि तुफान चालला. ऑस्करला ‘डॉली’ची सात नामांकनं होती, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. तीन मिळाली: कलादिग्दर्शन, ध्वनी आणि संगीत. सर्वोत्कृष्ट ठरला ‘मिडनाइट काउबॉय’, तोही फक्त प्रौढांसाठी असं प्रमाणपत्र असलेला. त्या गर्दीत झालरीची छत्री घेऊन मिरवणारी डॉली १९५५ची वाटली असणार. भाच्याला ती जुनी वाटली यात विशेष काही नाही. ती जन्मली तेव्हाही जुनीच होती.

मग वहिनीचे नऊ कुठून आले? तिने तर हा सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. पण २००८चा ‘वॉल-ई’ लेकीच्या लहानपणी आमच्याकडे इतक्यांदा लागला आहे की सगळ्यांना पाठ आहे. कचऱ्याने भरलेल्या पृथ्वीवर एकटा उरलेला यंत्रमानव एक जुनी व्हिडिओ कॅसेट पुन्हा पुन्हा पाहतो आणि त्यातलं पाहून हात हातात घ्यायला शिकतो. ती कॅसेट ‘हॅलो, डॉली!’ची. गच्चीवर ते गाणं आलं, प्रेमात पडायला एक क्षण पुरतो म्हणणारं, तेव्हा वहिनीने पदर डोळ्यांना लावला. ती १९६९ची डॉली पाहतच नव्हती. ती पाच वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. अशा गुणांना काय म्हणणार? चुकीचे म्हणवत नाही.

जुन्या, पडलेल्या सिनेमांचं नाव वर्षांनी सुधारतं त्याला हेही एक कारण आहे. पहिल्या आठवड्यात सगळेच जातात: आवड असलेले, नसलेले, बायकोने ओढून नेलेले. पन्नास वर्षांनी मुद्दाम शोधून तो पाहतो कोण? ज्याला संगीतपट आवडतात तो, स्ट्रायसँडचा चाहता, किंवा लहानपणी घरी कॅसेट असलेला. नावडणारे परीक्षेला बसतच नाहीत, मग निकाल चांगला लागतो. सिनेमा त्याच फिल्मवर तसाच असतो, वर्ग बदललेला असतो. आमच्या गच्चीवर ही चाळणी लागली नाही, कारण तिथे माणसं आलुबोंड्यांसाठी आली होती. म्हणून आमचे दोन आणि नऊ दोन्ही खरे.

चादर काढताना भाचा अजून मामांशी भांडतच होता. मामा जिना उतरता उतरता म्हणाले, “पुढच्या शनिवारी वडश्याले चाल. तिथं दाखवतो मधातच काहून गातेत ते.”

“रातभर? अन् झोप आली तं?”

“झोप न मंग. गाण्याले उठवतो.”